रुग्णालयातील चिटणीस

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात, गुणवंत विद्यार्थ्यांच्या सत्कारसमारंभप्रसंगी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मंडळाच्या चिटणिसांनी चार शब्द बोलण्याची आज्ञा केली तेव्हा आम्ही प्रथम संकोचच केला. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. पुढे अध्यापक विद्यालयाची दोन वर्षे, आणि त्यानंतरचे सारे आयुष्य प्राथमिक शाळेच्या फळ्यासमोर गेले. विद्वत्तेचे व्याख्यान आमच्या हातून होणे नाही. परंतु ज्या एका व्यवसायाविषयी आपल्या घराघरांतून घोर अज्ञान आहे, आणि जे अज्ञान काही वर्षांपूर्वी आमच्याही ठायी पुरेपूर होते, त्याविषयी बोलण्याचा अधिकार अनुभवाने आम्हांस दिला आहे असे वाटल्यावरून आम्ही होकार दिला. हा व्यवसाय म्हणजे रुग्णालयातील कागदपत्रे राखण्याचा. सरकारी भाषेत त्यास वैद्यकीय अभिलेख विभाग म्हणतात. अलीकडे त्यास आरोग्य-माहिती-व्यवस्थापन असे भारदस्त नाव मिळाले आहे. आणि आपण सारे त्यास ‘केसपेपरची खोली’ म्हणून ओळखतो.

प्रथम घरची हकीकत सांगतो. आमचे एक मेव्हणे एका कारखान्यात नोकरीस होते. २०११ साली त्यांनी आयुर्विम्याची पॉलिसी घेतली आणि पुरती दोन वर्षे लोटण्याच्या आतच हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचा अंत झाला. पदरी दोन मुले, धाकटी मुलगी सातवीत. भगिनीने विम्याच्या रकमेसाठी अर्ज केला, तेव्हा विमा कंपनीचे उत्तर आले की, २००८ साली हे गृहस्थ छातीत दुखत असल्यामुळे चार दिवस रुग्णालयात होते असे कारखान्यातील रजेच्या अर्जावरून दिसते. सबब हृदयविकार लपवून पॉलिसी घेतली, आणि रक्कम देता येत नाही.

आता २००८ साली ते रुग्णालयात होते ही गोष्ट खरी. परंतु डॉक्टरांनी तेव्हा ‘हृदयास काही झालेले नाही, जळजळ पित्ताची आहे’ असे सांगून घरी पाठविले होते, हीही गोष्ट तितकीच खरी. पण ती सिद्ध कशी करावी? डिस्चार्ज कार्ड घरात सापडेना. पत्र्याच्या पेटीत ठेवलेल्या साऱ्या कागदांस एका पावसाळ्यात वाळवी लागली होती. सांगणारा मनुष्य तर निघून गेलेला. भगिनी आम्हांस म्हणाली, ‘दादा, पैसे मिळोत न मिळोत, पण ह्यांनी फसवणूक केली असे लिहून आलेले मला वाचवत नाही.’ हे शब्द आमच्या काळजास लागले, आणि आम्ही तिला घेऊन त्या शहरातील रुग्णालयाची पायरी चढलो.

पहिल्या खिडकीवर ‘इतके जुने मिळणार नाही’ असे उत्तर मिळाले. दुसऱ्या खिडकीवरील गृहस्थाने तळघराकडे बोट दाखविले. तळघरात छतापर्यंत लोखंडी मांडण्या होत्या, आणि एका टेबलाशी तिशीच्या आतबाहेरील एक बाई काम करीत बसल्या होत्या. त्यांनी भगिनीस खुर्ची दिली, भगिनी हीच वारस आहे ह्याचे कागद पाहिले, अर्ज लिहून घेतला आणि नाव विचारले. नाव काढून पाहिले, तर त्या वर्षी त्या नावाचा रुग्णच नाही! आम्ही निराश होऊन उठू लागलो, तेव्हा त्या बाई म्हणाल्या, ‘गुरुजी, बसा. नाव चुकते, तारीख सहसा चुकत नाही. दाखल कधी केले ते आठवते का?’ भगिनी म्हणाली, ‘तारीख नाही आठवत, पण गौरी विसर्जन करून तिसरा दिवस होता.’ त्या बाईंनी त्या वर्षीच्या गौरीविसर्जनाची तारीख काढली, पुढचे तीन दिवस मोजले आणि त्या दिवसांचे दाखल रजिस्टर उघडले. आमचे मेव्हणे तेथे होते. पण त्यांच्या शाळेतल्या नावाने नव्हे, तर घरातल्या हाकेच्या नावाने! रात्री घाईत दाखल करताना शेजाऱ्याने सांगितले तेच नाव कोणीतरी लिहून घेतले होते. वय जुळले, पत्ता जुळला, आणि खाली भगिनीचीच सही होती. नोंदीवरून क्रमांक मिळाला, क्रमांकावरून मांडणी मिळाली, आणि वीस मिनिटांत तो पिवळट केसपेपर टेबलावर आला. त्यात ईसीजीची पट्टी होती, रक्ताच्या तपासण्या होत्या, आणि शेवटच्या पानावर अंतिम निदान स्वच्छ अक्षरांत लिहिलेले होते: जठरदाह. हृदयविकार नाही.

त्याची प्रमाणित प्रत मिळाली. नाव एकाच व्यक्तीचे असल्याचे प्रतिज्ञापत्र आम्ही केले, आणि पाच महिन्यांनी रक्कम हाती आली. धाकटी मुलगी त्यावर शिकली. परंतु आमच्या भगिनीस अधिक मोलाचे वाटले ते दुसरेच. ‘ह्यांचे नाव धुऊन निघाले,’ एवढेच ती म्हणाली.

त्या दिवशी परत येताना एस.टी.त आम्हांस झोप लागली नाही, आणि त्याचे कारण वेगळे होते. ह्या घटनेच्या सहा-सात वर्षे आधी आमच्या पुतणीस एक स्थळ आले होते. मुलगा निर्व्यसनी, घर चांगले, आणि एका मोठ्या रुग्णालयात वैद्यकीय अभिलेख तंत्रज्ञ म्हणून नोकरीस. बंधूंनी आमचा सल्ला विचारला. आम्ही, घरातले शिकलेले म्हणून, विचारले, ‘म्हणजे करतो काय?’ मध्यस्थ म्हणाले, ‘केसपेपर लावतो.’ त्यावर आम्ही हसून म्हणालो, ‘मग गठ्ठेवाला म्हणा की!’ आणि ते स्थळ तेथेच मोडले. पुतणीचे पुढे चांगले झाले. ती सुखी आहे. तो प्रश्न नाही. प्रश्न असा की, ज्याने चाळीस वर्षे मुलांस ‘कोणतेही काम हलके नसते’ असे फळ्यावर लिहून दिले, त्याने स्वतः एका शिकलेल्या मुलाच्या कामाची अशी संभावना केली, आणि ते काम काय आहे हे विचारण्याचीही तसदी घेतली नाही. तो मुलगा आपल्याच ज्ञातीतला. आजचे हे व्याख्यान म्हणजे एका अर्थी त्या उद्गाराचे प्रायश्चित्त होय.

असो. आता विषयाकडे वळू.

कागद राखणे ही आपल्या महाराष्ट्रास अपरिचित विद्या नाही. चिटणीस, फडणीस, दप्तरदार ही पदे येथे मानाची होती, आणि पुढे ती कित्येक घराण्यांची आडनावे झाली. मोडी कागद कापडात बांधून ठेवीत, त्यास रुमाल म्हणत. पुण्याच्या पेशवे दप्तरात असे रुमाल आजही आहेत. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव हिंडून जुनी दप्तरे धुंडाळीत होते आणि १९१० साली पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले, ते ह्याच जाणिवेने की, कागद गेला म्हणजे घडलेली गोष्टही जणू न घडलेली होते. राज्याच्या बाबतीत जे खरे, तेच एका मनुष्याच्या देहाच्या बाबतीतही खरे आहे.

रुग्णालयांत ही जाणीव उशिरा आली. क्रिमियाच्या युद्धात जखमी सैनिकांची शुश्रूषा करणाऱ्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल बाईंचा दिवा सर्वांस ठाऊक आहे. परंतु त्यांनी आकड्यांचेही तेवढेच मोठे कार्य केले हे थोड्यांस ठाऊक असते. सर्व रुग्णालयांनी एकाच नमुन्यात नोंदी ठेवाव्या, म्हणजे कोठे माणसे अधिक मरतात आणि का, हे ताडून पाहता येईल, अशी योजना त्यांनी १८६० साली लंडनच्या सांख्यिकी परिषदेपुढे मांडली. अमेरिकेत मेयो क्लिनिक म्हणून जी प्रख्यात संस्था आहे, तेथे पूर्वी प्रत्येक डॉक्टरची वही निराळी असे. एकच रुग्ण तीन डॉक्टरांकडे गेला तर त्याची हकीकत तीन वह्यांत विखुरली जाई. १९०७ साली तेथील डॉक्टर हेन्री प्लमर ह्यांनी एक रुग्ण, एक क्रमांक, एक फाइल अशी पद्धत घातली. आज साधी वाटणारी ही कल्पना जगभरच्या रुग्णालयांचा पाया होऊन बसली आहे. पुढे १९२८ साली अमेरिकेत हे काम करणाऱ्यांची संघटना निघाली आणि बॉस्टनच्या एका रुग्णालयातील ग्रंथपाल ग्रेस व्हायटिंग मायर्स ह्या तिच्या पहिल्या अध्यक्षा झाल्या. त्या काळी ह्या मंडळींस ‘अभिलेख-ग्रंथपाल’ म्हणत. १९९१ साली त्याच संघटनेने आपल्या नावात ‘आरोग्य-माहिती-व्यवस्थापन’ हे शब्द घेतले. कागदाकडून माहितीकडे झालेली ही वाटचाल नावातच दिसते.

आता ह्या खोलीत चालते तरी काय, ते पाहू. आम्ही त्यानंतर मुद्दाम दोनतीन ठिकाणी जाऊन, विचारून, समजून घेतले.

रोज मध्यरात्री प्रत्येक वॉर्डात किती रुग्ण आहेत ह्याची गणती होते. आदल्या दिवसाचे शिल्लक, अधिक नवे दाखल, उणे घरी गेलेले, उणे मृत. आपल्या दुकानदार बंधूंची रोजकीर्द जशी, तशीच ही. सकाळी ही गणती अभिलेख विभागात येते आणि घरी गेलेल्या रुग्णांचे केसपेपरही येतात. मग प्रत्येकाची पाने ठरलेल्या क्रमाने लावावयाची: दाखल पत्रक, डॉक्टरांच्या नोंदी, परिचारिकांच्या नोंदी, तापाचा तक्ता, तपासण्या, शस्त्रक्रियेचे टिपण, संमतिपत्र, डिस्चार्ज कार्डाची प्रत. त्यानंतर उणिवा शोधावयाच्या. शस्त्रक्रिया झाली आहे, पण संमतिपत्रावर सही नाही. औषध दिले आहे, पण वेळ लिहिलेली नाही. अंतिम निदानाची जागा कोरी आहे. असा कागद परत डॉक्टरांकडे पाठवावा लागतो, आणि मोठमोठ्या डॉक्टरांस ‘साहेब, आपली सही राहिली आहे’ हे नम्रपणे पण न भिता सांगावे लागते. हे धैर्याचे काम आहे. आमच्या मेव्हण्यांच्या केसपेपरात शेवटचे पान कोरे राहिले असते तर? ते कोरे राहिले नाही, कारण २००८ साली कोणा अनामिक मनुष्याने ते तपासले होते.

त्यानंतर सांकेतिक क्रमांक देण्याचे काम येते. एकाच व्याधीस कोणी डॉक्टर एक नाव लिहितो, कोणी दुसरे. मग मोजदाद कशी व्हावी? म्हणून साऱ्या जगाने व्याधींची एक वर्गवारी मान्य केली आहे. फ्रान्सचे बर्तियाँ ह्यांनी १८९३ साली मृत्यूच्या कारणांची यादी तयार केली, तीत भर पडत गेली, आणि १९४८ पासून जागतिक आरोग्य संघटना ती सांभाळते. तिची दहावी आवृत्ती १९९० साली मान्य झाली. अकरावी २०१९ साली मान्य होऊन १ जानेवारी २०२२ पासून अमलात आली. दहाव्या आवृत्तीत प्रौढपणी होणाऱ्या मधुमेहास ‘ई ११’, वाढलेल्या रक्तदाबास ‘आय १०’, हृदयविकाराच्या तीव्र झटक्यास ‘आय २१’, सर्पदंशाच्या विषबाधेस ‘टी ६३.०’ असे संकेत आहेत. कोविडची साथ आली तेव्हा त्यासाठी ‘यू ०७.१’ हा संकेत दिला गेला. डॉक्टरांचे हस्ताक्षर वाचून, शरीररचना समजून, योग्य संकेत निवडणे हे पाठांतराचे काम नव्हे; त्यास विवेक लागतो.

मग फाइल मांडणीत जाते. येथेही एक गंमत आहे. आपल्यास वाटेल की क्रमांक १, २, ३ असे ओळीने लावीत असतील. मोठ्या रुग्णालयांत तसे केल्यास सर्व नव्या फाइली शेवटच्या मांडणीत येऊन तेथेच सर्वांची झुंबड उडते. म्हणून सहा आकडी क्रमांकाचे दोनदोन अंकांचे तीन भाग करतात आणि शेवटचे दोन अंक आधी पाहतात. क्रमांक १२-३४-५६ असेल, तर ५६ च्या विभागात जावयाचे, तेथे ३४ च्या कप्प्यात, आणि तेथे १२ वी फाइल. अशाने फाइली शंभर विभागांत सारख्या वाटल्या जातात. आम्ही आयुष्यभर मुलांस स्थानिक किंमत शिकविली, पण तिचा असा उपयोग आम्हांस तळघरात कळला! फाइल बाहेर गेली तर तिच्या जागी कोणी, केव्हा, कशासाठी नेली ह्याचे कार्ड राहते. पोलीस प्रकरणांच्या फाइली कुलपात असतात, आणि न्यायालयाने बोलाविल्यास अभिलेख अधिकारी त्या घेऊन साक्षीस जातो. जन्माची व मृत्यूची माहिती २१ दिवसांच्या आत निबंधकाकडे जावयाची असते, तीही पुष्कळ ठिकाणी येथूनच जाते.

संगणकामुळे ह्या कामाचे रूप पालटत आहे. २०२१ च्या सप्टेंबरात आयुष्मान भारत डिजिटल अभियान देशभर सुरू झाले. त्यात नागरिकास १४ अंकी आभा क्रमांक मिळतो, आणि त्याच्या संमतीने एका रुग्णालयातील नोंद दुसऱ्या रुग्णालयात पाहता येते. प्लमर साहेबांची ‘एक रुग्ण, एक क्रमांक’ ही कल्पना आता एका इमारतीपुरती न राहता देशापुरती होऊ पाहत आहे. परंतु चुकीचे नाव संगणकात घातले तर संगणक चुकीचेच नाव जपून ठेवतो. गौरीविसर्जनाची तिथी विचारणारा मनुष्य अद्यापि लागतोच.

ह्या कागदांचा उपयोग एका रुग्णापुरताच असतो असेही नव्हे. मुंबईत १९६३ साली कर्करोगाची नोंदणी सुरू झाली, ती भारतातील अशा प्रकारची पहिली. सोलापूर जिल्ह्यातील बार्शीस १९८७ साली ग्रामीण भागातील पहिली नोंदणी निघाली. तेथील कार्यकर्ते खेडोपाडी जाऊन, लोकांस भेटून, रुग्णालयांच्या नोंदी पडताळून, कोणत्या गावी कोणता कर्करोग किती आढळतो हे लिहून काढू लागले. आपल्याकडील बायकांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे प्रमाण किती, हे अशा नोंदींवरूनच कळले, आणि तपासण्यांच्या मोहिमांस आधार मिळाला. कोणा अज्ञात कारकुनाच्या हाताने लिहिलेली एकेक ओळ अशी हजारो स्त्रियांच्या प्राणांशी निगडित असते.

आता विद्यार्थ्यांच्या उपयोगाचे सांगतो. ह्या क्षेत्रात शिरण्यास बारावीनंतर मार्ग आहेत. केंद्र सरकारचा आरोग्य-माहितीविषयक मध्यवर्ती विभाग १९६१ साली स्थापन झाला. त्याच्यातर्फे अभिलेख तंत्रज्ञ व अभिलेख अधिकारी ह्यांचे शिक्षण नवी दिल्लीचे सफदरजंग रुग्णालय आणि पुद्दुचेरीची जिपमेर संस्था येथे दिले जात आले आहे. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात ह्या विषयाच्या शिक्षणाची जुनी परंपरा आहे. अन्यत्रही पदविका व पदवी अभ्यासक्रम निघाले आहेत. मात्र प्रवेश घेण्यापूर्वी त्या अभ्यासक्रमास मान्यता आहे की नाही, आणि प्रत्यक्ष रुग्णालयात काम शिकवितात की नाही, ह्या दोन गोष्टी पालकांनी स्वतः जाऊन पाहाव्या. जाहिरातीवर विसंबू नये. २०२१ साली संसदेने संलग्न आरोग्य व्यवसायांचा जो कायदा केला, त्याच्या अनुसूचीतील दहा वर्गांपैकी एक वर्ग ह्याच व्यवसायाचा आहे. ज्यास आम्ही गठ्ठेवाला म्हणालो, त्यास देशाच्या कायद्याने व्यावसायिक म्हटले आहे.

चढण्याच्या पायऱ्याही एकाहून अधिक आहेत. रुग्णालयात राहिल्यास तंत्रज्ञ, मग सहायक अधिकारी, मग अभिलेख अधिकारी. संकेत देण्यात प्रावीण्य मिळविल्यास संकेतक, मग दुसऱ्यांचे काम तपासणारा परीक्षक, मग शिक्षक. चेन्नई, हैदराबाद, पुणे, मुंबई येथे अमेरिकेतील रुग्णालयांच्या नोंदींस संकेत देणाऱ्या कंपन्या आहेत, आणि तेथे जीवशास्त्र व परिचर्या शिकलेली पुष्कळ मुलेमुली काम करतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना, २०१८ साली निघालेली आयुष्मान भारत योजना, आणि खासगी विमा, ह्या सर्वांत कागद नीट नसेल तर रुग्णालयास पैसे मिळत नाहीत; म्हणून दाव्यांचे कागद पाहणारी जाणती माणसे रुग्णालयासही हवी असतात आणि विमा कंपनीसही. कर्करोग नोंदणी, संशोधन, संगणकप्रणाली ह्याही दिशा मोकळ्या आहेत.

परंतु केवळ गोड बोलून तुम्हांस पाठविणे हे शिक्षकास शोभणार नाही. आरंभीचा पगार बेताचा असतो. पुष्कळ ठिकाणी नोकरी कंत्राटी असते. कोठे तळघर, कोठे धूळ, कोठे रात्रपाळी. परदेशी कामात रोजच्या फाइलींचा आकडा ठरलेला असतो आणि डोळे शिणतात. शिवाय यंत्राचे भय आहेच. पूर्वी डॉक्टरांचे बोलणे ऐकून टंकलेखन करण्याचा व्यवसाय आपल्याकडे जोराने आला; अनेकांनी कर्ज काढून ते शिकून घेतले; पुढे बोलणे ऐकून लिहिणारी यंत्रे निघाली आणि तो व्यवसाय आटला. संकेत देण्याच्या कामातही आता यंत्र साह्य करू लागले आहे. म्हणून जो केवळ आकडे टाकील तो मागे पडेल. ज्यास रोग कळतो, कायदा कळतो आणि यंत्राची चूक पकडता येते, तो टिकेल. इंग्रजी आणि शरीरशास्त्र ह्यांचा कंटाळा असणाऱ्याने ह्या वाटेस जाऊ नये.

आणखी एक गोष्ट थोडी स्पष्ट बोलावी लागेल. त्याबद्दल क्षमा असावी. ह्या मनुष्याचा मुख्य धर्म गुप्तता. रुग्णाचा केसपेपर म्हणजे त्याची अब्रू. आपल्या ज्ञातीत सर्व सर्वांस ओळखतात; आणि स्थळे जुळविताना, ‘तुमचा पुतण्या त्या दवाखान्यात आहे ना? त्या मुलीला मागे काय झाले होते, जरा पाहून सांगा,’ असे विचारणारे लोक आम्ही पाहिले आहेत. विचारणारे भलेच असतात, पण मागणी मात्र भली नव्हे. २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. परंतु कायदा नसता तरी ही गोष्ट निंद्यच होती. तेव्हा आपल्या घरातील मुलगा किंवा मुलगी ह्या कामात असेल, तर तिला असा प्रश्न विचारून धर्मसंकटात घालू नका. आणि तिने नकार दिला तर रुसू नका, अभिमान बाळगा.

मात्र स्वतःच्या कागदांवर आपला हक्क आहे हेही विसरू नका. २००२ सालच्या वैद्यकीय परिषदेच्या नियमांप्रमाणे दाखल रुग्णाच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे राखाव्या लागतात, आणि रुग्णाने अथवा त्याच्या अधिकृत प्रतिनिधीने मागितल्यास ७२ तासांत त्याची प्रत द्यावी लागते. तीन वर्षे ही किमान मुदत होय. आमच्या मेव्हण्यांचा कागद पाच वर्षे राहिला हे आमचे भाग्य. दैवावर विसंबू नये म्हणून प्रत्येक घरी एक फाइल ठेवावी. प्रत्येकाचे नाव आधारकार्डावर आहे तसेच सर्वत्र लिहावे. रुग्णालयात नेताना हाकेचे नाव सांगू नये. डिस्चार्ज कार्ड, तपासण्या, कोणते औषध सोसत नाही ह्याची नोंद, सारे त्यात असावे. पत्र्याच्या पेटीचा भरवसा नाही, हे आम्ही सांगितलेच.

शेवटी मंडळापुढे दोन नम्र सूचना ठेवतो. मंडळाची शिष्यवृत्ती आजवर वैद्यकी, अभियांत्रिकी आणि अशाच मोजक्या अभ्यासक्रमांस मिळत आली आहे. नीट परीक्षेत मागे पडलेला मुलगा रुग्णालयाच्या दारातून कायमचा परतला असे आपण समजतो, आणि तोही तसेच समजून खचतो. त्या इमारतीस आणखी दारे आहेत. अभिलेख, प्रयोगशाळा, क्ष-किरण अशा अभ्यासक्रमांसही ही शिष्यवृत्ती खुली करावी, ही पहिली सूचना. आमच्या निवृत्तिवेतनातून यथाशक्ति रक्कम आम्ही आजच खजिनदारांकडे दिली आहे. दुसरी सूचना मंडळाच्या वधूवर नोंदवहीविषयी. तीत ‘व्यवसाय’ ह्या रकान्यात एक शब्द लिहून आपण मनुष्यास निकालात काढतो. तेथे काम काय आहे हे दोन ओळींत लिहिण्याची सोय करावी. ती सोय पूर्वी असती, तर कदाचित आम्ही हसण्यापूर्वी वाचले असते.

तो मुलगा आता चाळिशी ओलांडून गेला असेल. तो वा त्याचे कोणी आप्त ह्या सभागृहात आहेत की नाहीत, हे आम्हांस ठाऊक नाही. असतील तर ह्या म्हाताऱ्या मास्तराचा शब्द त्यांनी पोटात घालावा. आणि त्या तळघरातील बाईंचे नाव आम्ही त्या दिवशी घाईत विचारावयास विसरलो. जिने आमच्या घरातील गेलेल्या मनुष्याचे नाव शोधून दिले, तिचेच नाव आम्ही नोंदवून ठेवले नाही! ही उणीव आता भरून येणे नाही. आपण मात्र आपल्या दारी येणाऱ्या अशा माणसांची नावे विचारावी, एवढीच प्रार्थना.